खोल ऊतींमधला रक्तप्रवाह प्रकाशाने कसा मोजायचा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आता सगळ्यांना ठाऊक आहे. रक्तात ऑक्सिजन किती आहे ते तो सांगतो, रक्त किती वाहतंय ते मात्र सांगत नाही. मेंदूला किंवा स्नायूला रसद पुरते की नाही, हे कळायला हा दुसरा आकडाच जास्त कामाचा. तो मिळवायच्या जुन्या वाटा अडचणीच्या आहेत. लेझर डॉप्लर त्वचेच्या जेमतेम मिलिमीटरभर आत पाहतो. डोक्यावर लावायचा अल्ट्रासाउंड डॉप्लर मोठ्या धमन्यांतला वेग सांगतो, ऊतींपर्यंत काय पोचलं ते नाही. एमआरआयमध्ये रुग्णाला तासन्‌तास ठेवता येत नाही. त्वचेखाली एक-दोन सेंटिमीटरवरचा प्रवाह, खाटेशेजारी बसून, सलग आणि सुई न टोचता मोजायचा असेल तर डिफ्यूज कोरिलेशन स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे डीसीएस, ही पद्धत उपयोगी पडते.

हा लेख पहिल्यांदा यंत्र जोडणाऱ्यांसाठी किंवा तयार यंत्र हाती आलेल्यांसाठी आहे. गणित अगदी लागेल तेवढंच दिलंय. एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगणार आहे: पडद्यावरचा प्रवाहाचा आकडा बघण्याआधी तो ज्या वक्रातून, म्हणजे आलेखातल्या रेषेतून, निघाला तो वक्र बघा. सॉफ्टवेअर कुठल्याही कचऱ्यातून आकडा काढून देतं.

आत गेलेल्या प्रकाशाचं काय होतं

साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश हिमोग्लोबिन आणि पाणी दोघंही तुलनेने कमी शोषतात, म्हणून तो खोल जातो. जातो, पण सरळ नाही. आत शिरल्यावर मिलिमीटरच्या दहाव्या भागातच त्याचं पहिलं विकिरण (स्कॅटरिंग, म्हणजे आपटून दिशा बदलणं) होतं, आणि मिलिमीटरभरात तो कुठून निघाला होता ती दिशाच पुसली जाते. पुढे फोटॉन भरकटत राहतात. काही शोषले जातात, काही पुन्हा पृष्ठभागावर येतात. जिथून प्रकाश आत सोडला त्या जागेपासून जितक्या दूर डिटेक्टर ठेवाल, तितके जास्त खोलवर फिरून आलेले फोटॉन मिळतात. ढोबळ हिशोब असा की स्रोत आणि डिटेक्टर यांच्यातल्या अंतराच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतची खोली मोजली जाते.

प्रकाश लेझरचा असेल तर हजारो वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींत मिसळून उजेड-अंधाराच्या ठिपक्यांची नक्षी तयार होते. हीच स्पेकल. आत सगळं स्थिर असतं तर ही नक्षीही स्थिर राहिली असती. पण वाटेत तांबड्या पेशी हलत असतात, त्यामुळे ठिपके चमचमतात. पेशी जितक्या वेगाने आणि जितक्या संख्येने हलतात तितकी चमचम जलद. एका ठिपक्याची तेजस्विता किती लवकर स्वतःला विसरते, हे मोजलं की प्रवाहाचा अंदाज येतो. पद्धतीचा गाभा इतकाच.

इथे एक मौज आहे. खोल जाऊन आलेल्या फोटॉनचं विकिरण कितीतरी जास्त वेळा झालेलं असतं, आणि हलत्या पेशीशी झालेली प्रत्येक गाठ त्याच्या लहरीच्या कलेत (फेजमध्ये) थोडा थोडा फरक पाडत जाते. म्हणून लांबच्या डिटेक्टरवर चमचम जवळच्यापेक्षा जलद असते. अर्ध्या-एका सेंटिमीटरवर ती शंभरेक मायक्रोसेकंदांत विरते, अडीच-तीन सेंटिमीटरवर काही मायक्रोसेकंदांत किंवा फार तर काही दशक मायक्रोसेकंदांत. दोन्ही वक्र शेजारी ठेवून 'लांबच्या जागी प्रवाह जास्त आहे' असा निष्कर्ष नवखे लोक हमखास काढतात. तो फरक वाटेच्या लांबीचा असतो, प्रवाहाचा नव्हे.

ही कल्पना आली पदार्थविज्ञानातून. दुधासारख्या दाट पांढऱ्या द्रवांतले कण कसे हलतात हे बहुविकिरित प्रकाशाने मोजण्याचं काम १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालं. १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डेव्हिड बोआस आणि अर्जुन योध यांनी चमचम क्षणाक्षणाला स्वतःशी किती जुळते याचं माप, म्हणजे सहसंबंध (कोरिलेशन), हेसुद्धा विसरणाच्या (डिफ्यूजनच्या) समीकरणाने मांडता येतं, हे दाखवलं. ऊतींवरची आजची मोजणी त्याच पायावर उभी आहे.

सामान

लेझर. ७८५, ८३० किंवा ८५० नॅनोमीटरच्या आसपासचा, सतत चालणारा, आणि मुख्य म्हणजे कोहेरन्स लांबी (लहर आपली लय टिकवून ठेवते ते अंतर) काही मीटर असलेला. काही सेंटिमीटर अंतरावरचे फोटॉन आत त्याच्या कित्येक पट वाट चालून येतात, आणि कुणाची वाट छोटी तर कुणाची लांब. हा फरक कोहेरन्स लांबीपेक्षा मोठा झाला की लहरी मिसळूनही स्पेकल पुसट होतो. स्वस्त डायोड लेझर तापमान जरा बदललं की एका मोडवरून (ठरावीक तरंगलांबीवरून) दुसऱ्यावर उडी मारतो, आणि त्या उड्या तुम्हाला प्रवाहातले चढउतार वाटतात. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, इथे नको.

आत प्रकाश सोडणारा फायबर जाड असला तरी चालतो. मल्टिमोड, २०० मायक्रॉन किंवा त्याहून मोठ्या गाभ्याचा. बाहेरचा प्रकाश गोळा करणारा मात्र सिंगलमोड हवा, गाभा जेमतेम ५ मायक्रॉनचा. आधीच प्रकाशाची मारामार असताना इतकं बारीक भोक कशाला, असं प्रत्येकाला वाटतं. कारण असं की या भोकातून एकच ठिपका दिसतो. भोक मोठं केलं तर दहा ठिपके एकदम दिसतील, एकाचा उजेड वाढताना दुसऱ्याचा घटेल, आणि बेरजेत चमचम दबून जाईल. प्रकाश दहापट मिळाला तरी चढउताराचा हिस्सा दहापट घटतो, म्हणजे हाती फारसं काही लागत नाही. खरोखर सुधारणा हवी असेल तर एकाच जागी चार किंवा आठ सिंगलमोड फायबर लावा, प्रत्येकाला स्वतंत्र डिटेक्टर द्या आणि वक्रांची सरासरी काढा. चार वाहिन्यांनी गोंधळ निम्मा होतो.

डिटेक्टर एकेक फोटॉन मोजणारा हवा, म्हणजे सिंगल फोटॉन अ‍ॅव्हलांश डायोड. हा फार नाजूक असतो. खोलीतला दिवा चालू, डिटेक्टर चालू आणि फायबरचं टोक उघडं, ही स्थिती कधीही येऊ देऊ नका. क्रम मनात पक्का बसवा: प्रोब (फायबरची टोकं त्वचेवर धरून ठेवणारा तुकडा) लावा, वर काळं कापड टाका, दिवे मंद करा, मग डिटेक्टर सुरू. बंद करताना आधी डिटेक्टर, मग बाकीचं.

शेवटी कोरिलेटर, फोटॉनच्या नोंदीतून सहसंबंधाचा वक्र काढणारा. तो वेगळी पेटी असू शकतो किंवा फोटॉन आल्याची वेळ नोंदवणारं कार्ड आणि सॉफ्टवेअर. डिस्कवर जागा असेल तर वेळांची कच्ची नोंद जपून ठेवा, असं माझं मत. पेटीने एकदा एका सेकंदाची सरासरी काढून दिली की त्यातली नाडीची लाट कायमची गेली. कच्च्या नोंदीतून तीच मोजणी ५० मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी पुन्हा करता येते.

प्रकाश किती सोडायचा

इथे अंदाजपंचे चालत नाही. दहा सेकंदांहून जास्त वेळ पडणाऱ्या लेझरसाठी त्वचेची मर्यादा ७०० नॅनोमीटरपर्यंत दर चौरस सेंटिमीटरला ०.२ वॅट आहे आणि पुढे तरंगलांबीबरोबर वाढत जाते: ७८५ ला सुमारे ०.३, ८५० ला सुमारे ०.४. ही सरासरी ३.५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर धरतात. म्हणजे ७८५ नॅनोमीटरचा ठिपका तेवढ्याच आकाराचा असेल तर २८ मिलिवॅटच्या आसपास थांबायचं. फायबरचं टोक थेट त्वचेला टेकवलं तर ठिपका फार छोटा राहतो, म्हणून टोकापुढे प्रिझम किंवा विसारक बसवून तो पसरवतात. प्रत्येक सत्राआधी प्रोबच्या टोकाशी पॉवर मीटर धरून आकडा लिहून ठेवा. लेझरच्या पेटीवर दिसणारा आकडा धरू नका.

डोळ्यांचा धोका त्वचेहून मोठा. ७८५ नॅनोमीटरचा किरण डोळ्याला मंद लालसर दिसतो, ८५० चा जवळपास दिसतच नाही. झगझगाट वाटत नाही म्हणून पापणी मिटत नाही आणि सगळा प्रकाश दृष्टिपटलावर जातो. त्या तरंगलांबीचा चष्मा सगळ्यांना, ज्याच्यावर मोजणी चालू आहे त्यालाही. प्रोब त्वचेवरून सुटला तर लेझर आपोआप बंद होईल अशी सोय करून घेतली तर उत्तम.

२८ मिलिवॅट म्हणजे दर सेकंदाला सुमारे दहा कोटी अब्ज फोटॉन आत जातात. अडीच-तीन सेंटिमीटरवरच्या एका सिंगलमोड फायबरमधून त्यातले दहा-वीस हजार हाती लागले तरी मोजणी चांगली चालली आहे असं समजायचं.

आधी माणूस नाही, आधी द्रव

पहिली मोजणी इंट्रालिपिडच्या द्रावणावर करा. शिरेतून पोषण देण्यासाठी वापरतात तेच हे पांढरं स्निग्ध पायस (इमल्शन). २० टक्क्यांच्या बाटलीतला एक भाग आणि पाणी १९ भाग घेतलं की १ टक्क्याचं द्रावण होतं. त्याचं विकिरण ऊतींच्या जवळ जातं, घटित विकिरण गुणांक (तेवढ्या अंतरात प्रकाश आपली दिशा किती वेळा विसरतो त्याचं माप) दर सेंटिमीटरला साधारण १०. भांडं ऐसपैस घ्या, अडीच सेंटिमीटर अंतरासाठी किमान पंधरा सेंटिमीटर रुंद आणि दहा खोल. लहान भांड्यात फोटॉन भिंतीवर आपटून येतात आणि समीकरणातला 'अनंत पसरलेला माध्यमाचा थर' खोटा ठरतो. द्रावण ढवळून झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं शांत राहू द्या, तापमान लिहा, मग फायबरची टोकं पृष्ठभागाला जेमतेम टेकवा.

इथे रक्त नाही, प्रवाह नाही. चरबीचे बारीक थेंब फक्त उष्णतेने थरथरतात, म्हणजे ब्राऊनीय गती. ती किती असायला हवी हे कणांचा आकार, तापमान आणि द्रवाची विष्यंदिता (घट्टपणा) यांवरून आधीच काढता येतं. विसरण गुणांक १० चा उणे ८ वा घात चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद या पातळीवर यायला हवा. उत्तर माहीत असलेली ही एकमेव परीक्षा आहे, म्हणून ती टाळू नका.

आता अंतर बदला: १ सेंटिमीटर, १.५, २, २.५. फोटॉन कमी होतील, वक्र जलद पडू लागेल, पण फिटमधून, म्हणजे वक्राला समीकरण बसवून, येणारा विसरण गुणांक तोच राहायला हवा. तो अंतरासोबत सरकत असेल तर अंतर मोजण्यात, प्रकाशीय गुणांकांत किंवा कुठून तरी गळणाऱ्या प्रकाशात घोळ आहे. मग द्रावणात थोडं ग्लिसरॉल घाला. द्रव घट्ट झाला की थेंब मंदावतात आणि वक्र उजवीकडे सरकतो. तो सरकला नाही, तर यंत्र थेंबांची हालचाल सोडून दुसरंच काहीतरी मोजतंय.

सिलिकॉनचे घन फँटम (ऊतींची नक्कल करणारे ठोकळे) बाजारात मिळतात आणि हाताळायला सोपे असतात, पण त्यांत काही हलत नाही. प्रकाशाची तीव्रता आणि प्रोबची जोडणी तपासायला ते ठीक. या कामाला द्रवच लागतो.

वक्र वाचायला शिका

पडद्यावर आडव्या अक्षावर विलंबाचा काळ असतो, लॉगरिदमिक मापात, मायक्रोसेकंदापासून मिलिसेकंदांपर्यंत. उभ्या अक्षावर तीव्रतेचा सहसंबंध, त्याला जी-टू म्हणतात. वक्र डावीकडे वर सुरू होतो आणि उजवीकडे १ वर येऊन टेकतो. सीगर्टच्या नात्यानुसार जी-टू म्हणजे १ अधिक बीटा गुणिले जी-वनचा वर्ग. जी-वन हा विद्युतक्षेत्राचा सहसंबंध, समीकरणात वापरायचा तो हाच. बीटा यंत्राच्या जोडणीवर ठरतो. सिंगलमोड फायबर आणि ध्रुवीकरण न केलेला प्रकाश असेल तर तो ०.५ च्या आसपास यायला हवा. म्हणजे वक्राची सुरुवात १.५ जवळ.

ती १.२ वर होत असेल तर थांबा. बाहेरचा प्रकाश शिरतोय, लेझरची कोहेरन्स कमी पडतेय, किंवा सिंगलमोड समजून वापरलेला फायबर तुमच्या तरंगलांबीला सिंगलमोड नाही. बाहेरच्या प्रकाशाचा परिणाम वर्गाने होतो: मोजलेल्या फोटॉनपैकी १० टक्के परके असतील तर बीटा ०.८१ पटीवर येतो. लेझर बंद करून काळ्या कापडाखालची मोजणी दरवेळी घ्या, मग हा हिस्सा लपून राहत नाही.

वक्राच्या अगदी डाव्या टोकाला, मायक्रोसेकंदाच्या आत, तीक्ष्ण शेंडा दिसला तर तो डिटेक्टरचा दोष: एका फोटॉननंतर क्षणभराने तो स्वतःच खोटा ठोका देतो. तेवढा भाग फिटमधून वगळा. एकच फायबर दोन डिटेक्टरांत विभागून त्यांचा परस्पर सहसंबंध काढला तरी हा शेंडा जातो.

उजवीकडची शेपटी १ वर न टेकता वरच तरंगत राहिली तर माणूस किंवा फायबर हलतोय, नाहीतर लेझरची शक्ती सरकतेय. शेपटीत मिलिसेकंदांच्या पट्ट्यात लाटा दिसल्या तर दिव्यांकडे बघा. मुख्य वीजपुरवठ्याच्या दुप्पट वारंवारतेने दिवे लुकलुकतात आणि त्याची छाप थेट तिथे उमटते.

सगळ्यांत फसवा दोष म्हणजे प्रोबच्या खालून सरपटत आलेला प्रकाश. स्रोतापासून निघून ऊतीत न शिरताच, पारदर्शक चिकटपट्टीतून किंवा प्रोबच्या चकचकीत रबरातून तो डिटेक्टरपर्यंत पोचतो. फोटॉनची संख्या मस्त वाढते, मन खूश होतं, आणि वक्र मात्र संथ पडतो किंवा दोन टप्प्यांत पडतो. या प्रकाशाने एकही हलती पेशी पाहिलेली नसते. अडीच सेंटिमीटरवर पन्नास हजारांच्या वर आकडा दिसला की मी आधी संशय घेतो, मग आनंद. प्रोबचा तळ काळा आणि खरखरीत ठेवा, पारदर्शक टेप त्याच्या आसपास आणू नका.

हातावर: पट्ट्याची परीक्षा

द्रवाची परीक्षा पास झाली की दंडावर रक्तदाबाचा पट्टा आणि त्याच हाताच्या कोपराखालच्या भागावर प्रोब. माणसावर मोजायचं तर संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी आणि त्या माणसाची लेखी संमती आधी घ्या. रक्त गोठण्याचा विकार, डायलिसिसची फिस्टुला (धमनी आणि शीर यांचा केलेला जोड), हाताला सूज असलेल्यांवर ही परीक्षा करायची नाही.

माणूस पाठीवर झोपलेला, हात हृदयाच्या पातळीला, तळहात वर. प्रोब स्नायूच्या फुगीर भागावर, वरून दिसणारी शीर टाळून. बँडेज इतपतच घट्ट की प्रोब सरकणार नाही. जास्त आवळलं तर प्रोबखालचं रक्त पिळून निघतं आणि सुरुवातीपासूनच प्रवाह कमी दिसतो. प्रोब काढल्यावर त्वचेवर खोल वळ उठला असेल तर ती मोजणी बाद धरा.

पाच मिनिटं शांत पडू द्या, पुढची दोन मिनिटं आधाररेषा म्हणून नोंदवा. मग पट्टा झटकन २०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत फुगवा. वरचा रक्तदाब मुळातच जास्त असेल तर त्याहून ५० ने वर. झटकन हा शब्द महत्त्वाचा. हळूहळू फुगवलं तर आधी शिरा बंद होतात, धमन्या चालूच राहतात, हातात रक्त साठत जातं आणि शोषण बदलतं.

प्रवाह काही सेकंदांत कोसळतो. शून्यावर मात्र येत नाही. वाहणं थांबलं तरी पेशींची आणि ऊतींची थरथर चालू असते, तिचा हा उरलेला आकडा. त्याला जैविक शून्य म्हणतात आणि तो नोंदवून ठेवतात. तीन मिनिटांनी पट्टा एकदम सोडा. ऑक्सिजनला आसुसलेल्या स्नायूच्या रक्तवाहिन्या तोवर पूर्ण उघडलेल्या असतात, त्यामुळे प्रवाह आधाररेषेच्या कितीतरी वर उसळतो आणि मग एक-दोन मिनिटांत ओसरतो. कोसळणं, तळ, उसळी आणि ओसरणं या चारही गोष्टी स्वच्छ दिसल्या की तुमचं यंत्र रक्तप्रवाह मोजतंय म्हणायला हरकत नाही. त्याआधी नाही.

ही परीक्षा चालू असताना फोटॉनची संख्याही बघत राहा. रक्तातला ऑक्सिजन घटत गेला की ७८५ नॅनोमीटरला शोषण थोडं वाढतं, संख्या हळू घसरते. ती एकदम उडी मारून बदलली तर प्रोब सरकलाय, आणि त्या क्षणानंतरचा भाग आधीच्या भागाशी जोडता येत नाही.

आकडा कुठून येतो

सॉफ्टवेअर वक्राला समीकरण बसवतं. पृष्ठभाग सपाट, खाली सगळीकडे एकसारखी ऊती, असं गृहीत धरलेलं असतं. त्याला चार गोष्टी द्याव्या लागतात: अंतर, शोषण गुणांक, घटित विकिरण गुणांक आणि तरंगलांबीसोबत अपवर्तनांक. बदल्यात मिळतो रक्तप्रवाह निर्देशांक. त्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात: किती टक्के विकिरण हलत्या पेशींमुळे झालं, आणि त्या पेशी किती चपळ आहेत. एकक चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद, म्हणजे विसरण गुणांकाचं. रक्त नळीतून वाहतं, मग विसरणाचं एकक कसं? पेशी ठरावीक दिशेने धावतात असं धरून बसवलेलं समीकरण मोजलेल्या वक्राला नीट बसत नाही, त्या सैरभैर थरथरतात असं धरलेलं मात्र छान बसतं. वाहत्या रक्तात पेशी एकमेकींना ढकलत आडव्यातिडव्या सरकतात आणि हे सरकणं प्रवाहाच्या प्रमाणात वाढतं, हे त्याचं मान्य स्पष्टीकरण. नवख्याने यावर रात्री जागवू नयेत, पण कुणी विचारलं तर उत्तर माहीत असावं.

काळजी घ्यायची ती विकिरण गुणांकाची. निर्देशांक साधारण त्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. तुम्ही तो १० टक्के जास्त धरलात तर प्रवाह २० टक्क्यांच्या आसपास कमी येईल. पुस्तकातला सरासरी गुणांक टाकून दोन माणसांच्या प्रवाहाची तुलना करणं म्हणूनच धोक्याचं. एकाच माणसात, एकाच जागी, आधी आणि नंतर अशी टक्केवारी द्यायची असेल तर ही चूक बरीचशी छेदली जाते. तुलना करायचीच असेल तर शेजारी ऊतींचे गुणांक मोजणारं दुसरं प्रकाशीय यंत्र लावा.

आणखी एक उपयोगी गोष्ट: वक्राचा सुरुवातीचा भाग मुख्यतः लांब वाटेने, खोल जाऊन आलेल्या फोटॉनचा असतो, शेपटीकडचा भाग उथळ फिरून आलेल्यांचा. त्यामुळे फिट कुठपर्यंत करता यावर तुम्ही किती खोल बघता हे ठरतं. ती मर्यादा एकदा ठरवा आणि सगळ्या मोजण्यांना तीच ठेवा.

मग मेंदू

मेंदूवरच सुरुवात करायचा मोह आवरा. प्रौढ माणसात टाळू (इथे डोक्यावरची त्वचा) आणि कवटी मिळून एक ते दीड सेंटिमीटर जातात, आणि टाळूत रक्त भरपूर. अडीच सेंटिमीटरच्या सिग्नलमध्येही टाळूचा हिस्सा मोठा असतो. म्हणून एक डिटेक्टर अर्ध्या-एका सेंटिमीटरवर, फक्त टाळूसाठी, आणि दुसरा अडीच-तीन सेंटिमीटरवर, असे दोन लावतात. मग प्रोब बोटांनी हलकेच दाबून बघा. टाळूचा प्रवाह दाबाने घटतो, मेंदूचा घटत नाही. जवळचा आकडा धाडकन पडला आणि लांबचा थोडाच हलला, तर लांबच्या डिटेक्टरला मेंदू दिसतोय. दोन्ही सारखेच पडले, तर तुम्ही इतका वेळ टाळूच मोजत होतात.

जागा कपाळाची, केसांची रेषा सोडून, भुवयांच्या मधोमध थोडं वरही नको, कारण तिथे हाडाच्या आत हवेची पोकळी असते. केसांतून मोजायचं तर बट बट बाजूला करत बसावं लागतं, त्याला पर्याय नाही. त्वचेतलं मेलॅनिन जास्त असेल तर फोटॉन कमी मिळतात. अशा वेळी शक्ती मर्यादेपलीकडे न वाढवता सरासरीचा काळ वाढवा. नवजात बाळांची कवटी पातळ असल्याने सिग्नल कितीतरी चांगला मिळतो, अतिदक्षता विभागांत या पद्धतीवर इतकं काम झालं त्याचं हेही एक कारण.

आजकाल १०६४ नॅनोमीटरकडे कल आहे. तिथे त्वचेची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला १ वॅटपर्यंत जाते, प्रत्येक फोटॉनची ऊर्जाही कमी, म्हणजे तेवढ्याच मर्यादेत कितीतरी जास्त फोटॉन आत सोडता येतात. पण त्यांना पकडायला अतिशीत तापमानाचे अतिवाहक डिटेक्टर लागतात, नाहीतर व्यतिकरणाची वेगळी मांडणी. साध्या कॅमेऱ्याने स्पेकलचा पुसटपणा मोजून हेच काम करणारे प्रयत्नही जोरात आहेत. पहिलं यंत्र म्हणून यांतलं काही घेऊ नका.

हालचाल

व्यायाम करणाऱ्या स्नायूचा प्रवाह मोजायची इच्छा सगळ्यांना असते, आणि इथेच सगळ्यांत जास्त खोटे आलेख निघतात. स्नायू आकुंचन पावला की त्याचे तंतू प्रोबखालून सरकतात, आणि यंत्राला तंतू आणि तांबडी पेशी यांत फरक कळत नाही. हललं ते सगळं प्रवाहात जमा. ओळखायची युक्ती सोपी आहे. पट्टा फुगवून रक्त अडवा आणि दुसऱ्या कुणाला त्या माणसाचा मनगटाचा सांधा हलवायला सांगा. प्रवाह असायला नको, तरी आलेखात जेवढी उंची दिसेल तेवढी तुमच्या मांडणीतली हालचालीची भर. ती मोठी असेल तर आकुंचनाच्या वेळचे आकडे सोडून द्या आणि दोन आकुंचनांमधल्या स्थिर क्षणांचे घ्या.

नोंद कशी ठेवायची

निर्देशांकाला मिलिलिटर प्रति १०० ग्रॅम प्रति मिनिट असं एकक लावायचं असेल तर त्याच माणसावर एमआरआयने किंवा इंडोसायनिन ग्रीनसारख्या रंगद्रव्याने एकदा प्रत्यक्ष मोजून तुलना करावी लागते. ते केलेलं नसेल तर निर्देशांक हा निर्देशांकच राहू द्या आणि आधाररेषेशी टक्केवारी द्या.

प्रत्येक फाइलसोबत तारीख, प्रोबच्या टोकाशी मोजलेली शक्ती, अंतर, वापरलेले गुणांक, फिटची मर्यादा, सरासरीचा काळ, दर वाहिनीची फोटॉनसंख्या आणि बीटा एवढं लिहून ठेवा. रक्तदाब, नाडी आणि श्वास शेजारी नोंदवता आले तर फार बरं, कारण माणूस बोलला, खोकला किंवा त्याने श्वास रोखला तरी मेंदूचा प्रवाह बदलतो आणि दोन महिन्यांनी आलेख बघताना तो टेकाड कशाचा होता हे कुणालाच आठवत नाही.

सत्र संपल्यावर प्रोब पुसून पुन्हा त्याच इंट्रालिपिडच्या भांड्यावर ठेवा आणि दोन मिनिटं मोजा. सकाळचा आणि आत्ताचा विसरण गुणांक, तापमानाचा फरक वजा जाता, जुळला तर दिवसभराची मोजणी ठेवायची. नाही जुळला तर फाइलींवर तसा शेरा मारायचा आणि उद्या सुरुवात लेझरपासून. द्रावण मात्र दुसऱ्या दिवशी तेच वापरू नका. उघड्यावर ते नासतं, थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि परीक्षेचं उत्तरच बदलतं.